पाचवा टायर आत्याच्या पायांत

लोणारहून परत येऊन आता चार-पाच महिने झाले, तरी पेठेत भेटेल तो मला एकच विचारतो, "मग, शेवटी कुठला टायर बरा निघाला?" लोणार कसं आहे, हे कोणी विचारत नाही. दोष माझाच आहे. निघण्याआधी महिनाभर मी या मंडळींचं टायरवरून इतकं डोकं खाल्लं होतं की त्यांच्या हिशेबी मी टायरच्याच यात्रेला गेलो होतो. ज्यांनी वऱ्हाडची काळी माती पाहिली नाही आणि लोणारही पाहिलं नाही, त्यांच्यासाठी झालं ते सगळं एकदा लिहून टाकतो. टायरचं उत्तरही त्यातच सापडेल.

पुणे

गंगूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला दिली होती साखरखेर्ड्याला, सिंदखेडराजाच्या पलीकडे. वडील नोकरीसाठी पुण्यात आले, आणि मी पुणेकर झालो. पण लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या आत्याकडे गेल्या. मी दहा वर्षांचा असताना एकदा तिनं लोणारला जायचा बेत केला. दशम्या बांधल्या, बैलगाडी जुंपली, आणि गाव सुटायच्या आत मला सणकून ताप भरला. गाडी तिथूनच माघारी वळली. माझ्या कपाळावर पट्टी ठेवत आत्या म्हणाली, "राहू दे रे मन्या. लोणार काई पळून जाऊन नाही राह्यलं." आणि मी तापातच तिला वचन दिलं की मोठा झालो की तुला मोटारीतून लोणार दाखवीन.

लोणार तिच्या घरापासून पंधरा कोस. त्यानंतर पस्तीस वर्षं गेली आणि ती काही तिथवर पोचली नाही. कधी पेरणी, कधी बाळंतपण, कधी कोणाचं आजारपण. मलाही वचनाची आठवण अधूनमधून व्हायची आणि मी ती पुढच्या वर्षावर ढकलायचो.

मग तिच्या मुलाचं, नामदेवचं पत्र आलं. जालन्याच्या डॉक्टरांनी आत्याला काचबिंदू सांगितला होता. तिची नजर कडेकडेनं विझत चालली होती आणि ती परत येणार नव्हती. संक्रांतीपर्यंत जेवढं दिसेल तेवढं, म्हणाले. तिला काय पाहायचं असेल ते दाखवून घ्या. "आई म्हणते, मले लोणार पाहाचं हाये, मन्यानं कबूल केलं होतं," असं नामदेवनं लिहिलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

माझी मोटार चौथ्या हातची, काळी, नाकाडी, चढावर खोकणारी. टायर पार टकले झाले होते. नवे घेणं भाग होतं, आणि इथंच माझ्यातला पुणेकर जागा झाला. एका जाणकारानं सांगितलं, सडकेवर उन्हाळी टायर घ्या, सरळ पट्ट्यांचा. दुसरा म्हणाला, वऱ्हाडात चाललात तर खोल दातांचा पावसाळी हवा. शेजारचे निवृत्त इंजिनिअर विलायती मासिक घेऊन आले आणि त्यांनी बर्फात चालणाऱ्या हिवाळी टायरवर मला तासभर ऐकवलं. मी कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता आखला. माझी बायको सुमती म्हणाली, "मुलीचं स्थळ बघताना एवढी चौकशी केली नव्हतीत."

शेवटी दुकानदारानं सोडवणूक केली. "साहेब, हा बारमाही टायर. ऊन, पाऊस, थंडी, काही बघायचं नाही." शिवाय तो नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर रुंद होता. गाडीला भारदस्तपणा येतो, असं तो म्हणाला. आला खरा. मडगार्डच्या आत चाक गच्च भरून दिसत होतं, आणि मी दिवसातून चार वेळा गॅलरीतून खाली वाकून ते बघत होतो.

नामदेवच्या पत्रात खाली एक ओळ होती: जुने टायर असल्यास आणणे, इथे चपलांच्या कामी येतात. ती ओळ मी वाचून सोडून दिली होती, सुमतीनं सोडली नाही. निघायच्या सकाळी पाहतो तर चारही टकले टायर टपावर बांधलेले. खाली नवे चार, वर जुने चार. अशा थाटात आमची स्वारी नगर रोडला लागली. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मी मान खाली घालून गाडी हाकत होतो.

साखरखेर्डा, पहिला दिवस

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कागदावर पुणं आणि वऱ्हाड एका घरात आले होते, पण मधली वाट पूर्वी होती तेवढीच लांब होती. वाटेतला मुक्काम आणि धूळ मी वगळतो. जालना सुटलं आणि माती बदलली, तिथून सांगतो.

आमच्याकडे माती म्हणजे पायाखालची वस्तू. इथं तीच सगळीकडे होती. कोळशासारखी काळी, दोन्ही बाजूंना आभाळापर्यंत पसरलेली, आणि तिच्यातून गाडीच्या टपावरून डोकावणारी ज्वारी. पंधरा दिवस पावसानं उघडीप दिली होती, त्यामुळे गाडीवाट वाळून टणक झाली होती आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मी एका भेगेत काठी घातली, ती अर्धी आत गेली. पाऊस पडला की ही भेग मिटते, ऊन पडलं की पुन्हा उघडते. त्या वाटेवर मी गाडी थांबवून उगीचच थोडा वेळ उभा राहिलो. असं काही आपण कधी पाहिलं नाही, एवढंच मनात येत होतं.

आत्या ओसरीवर वाट पाहत बसली होती. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि इकडेतिकडे हलवला.

"थांब, हालू नोको. हां, सापडला. हे कपाळ. हे नाक भावाचंच हाये. केस कुठी गेले रे?"

"पुण्यातच राहिले, आत्या."

"बांगडीतून पाह्यल्यावानी दिसते मले," ती सुमतीला म्हणाली. "जेवढं बांगडीत येते तेवढं चांगलं दिसते. बाकीचं नाई." आणि मग तिनं सुमतीचाही चेहरा तसाच, कपाळापासून हनुवटीपर्यंत, निवांत वाचला.

जेवायला ज्वारीची भाकर, उडदाचं वरण, अंबाडीची भाजी आणि ठेचा. आमच्याकडे आमटीत गूळ घालतात हे ऐकून नामदेवची बायको तोंडाला पदर लावून हसली. मी ठेचा जरा जास्तच धिटाईनं घेतला आणि पुढची दहा मिनिटं मला कोणाचंच बोलणं ऐकू आलं नाही.

दुपारी नामदेव मला सखाराम लोहाराकडे घेऊन गेला. तिथं जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. नव्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव चढवायची होती. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा मुद्दाम बोटभर लहान केलेली असते. अंगणात गोवऱ्यांचा गोल जाळ पेटवला होता आणि त्यात ती पट्टी लालभडक होऊन पडली होती. तापली की ती फुलते. चार माणसांनी सांडशींनी ती उचलली, चाकावर टाकली, घणांचे ठोके पडले, लाकूड पेटलं, आणि त्याच क्षणी घागरींनी पाणी ओतलं. वाफेच्या ढगातून चाक असं करकरलं की मी दोन पावलं मागे सरलो. धाव आवळली आणि चाकाचे सगळे सांधे एका दमात बसले. ना खिळा, ना स्क्रू.

त्या आधी सखारामानं गाडीच्या मालकाला एकच प्रश्न विचारलेला मी ऐकला होता. "वावर काळं हाये का मुरमाड?" शेत काळ्या मातीचं आहे म्हटल्यावर त्यानं दोन पट्ट्यांतली अरुंद पट्टी उचलली होती. मी ते पाहिलं, वाहवा केली, आणि त्यातून काहीही शिकलो नाही.

संध्याकाळी सखाराम माझी मोटार पाहायला आला. साठीचा, हातावर भाजल्याचे डाग, बोलणं बेताचं. त्यानं टायरवर हात फिरवला. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली. बोटं जेमतेम गेली.

"रुंद हाये भाऊ."

मी त्याला बारमाही टायरचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "हाव," म्हणजे हो, एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

तोवर नामदेवनं टपावरचे टायर चपला करणाऱ्याकडे पोचवले होते. दिवेलागणीच्या आत त्यातल्या एकाच्या चपला होऊन आल्याही. आत्या लोणारला अनवाणी कशी जाणार, म्हणून पहिला जोड तिचा. पुण्याच्या रस्त्यांवर झिजलेला माझा टायर आत्यानं पायांत घातला आणि ओसरीवर दोन फेऱ्या मारल्या. "मोटारीत बसाच्या पह्यलेच मोटार पायात आली," ती म्हणाली.

दुसरा दिवस

पहाटे हस्ताचा पाऊस आला. हत्तीचा पाऊस म्हणतात त्याला, आणि तो त्याच वजनानं पडला. आठाला थांबला, लख्ख ऊन पडलं. मी खूश झालो. दुपारपर्यंत वाट सुकेल आणि निघू.

"आज नोको, दादा," नामदेव म्हणाला. "माती अर्धी वाळून राह्यली. आजचा दिवस वाईट."

"अरे, वाळते आहे म्हणजे चांगलंच की."

"सखारामले इचारून पाहू का?"

मी काही विचारू दिलं नाही. सोमवारी मला कचेरीत हजर व्हायचं होतं, आणि खरं सांगायचं तर एका लोहाराला टायरबद्दल विचारायला जाणं माझ्या जिवावर आलं होतं. आत्या केव्हाची तयार होती. हिरवं इरकली लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, पायांत नव्या चपला. ती माझ्या शेजारी बसली आणि तिनं समोरची काच हातानं चाचपून पाहिली.

वेशीबाहेर चार शेतं गेलो असू. माती चाकाला लागली. पहिला थर लागला, त्या थराला दुसरा चिकटला, त्याला तिसरा. मी दार उघडून वाकून पाहिलं तर टायर दिसेनासाच झाला होता. काळं, मऊ, गवत आणि खडे गुंडाळून घेतलेलं एक जाडजूड लोढणं फिरत होतं. ते मडगार्डच्या आत भरत गेलं, आणखी भरलं, आणि चाक जागच्या जागी थांबलं. इंजिन ओरडत होतं, गाडी तसूभर हलत नव्हती. चारही चाकं मातीनं आपल्या मुठीत धरली होती. राग यायला हवा होता, पण त्या मातीची ताकद पाहून मी नुसता थक्क झालो.

नामदेवनं काठीनं, मी पान्यानं, सुमतीनं डब्याच्या झाकणानं तासभर खरवडलं. दहा पावलं पुढे गेलो आणि पुन्हा तेच.

आत्या खाली उतरली. दुसऱ्याच पावलाला चपला मातीत रुतल्या. तिनं त्या काढून हातात घेतल्या, नामदेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि गावाकडे वळली. जाता जाता माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "राहू दे रे मन्या. लोणार काई पळून जाऊन नाही राह्यलं."

तेच शब्द, पस्तीस वर्षांपूर्वीचे. लोणार पळून जाणार नव्हतं, पण तिची नजर रोज थोडी थोडी जात होती, आणि मी तिला चिखलात उतरवून घरी पाठवत होतो. गाडीला टेकून मी रडलो. सुमतीनं तेवढ्यात पाठ फिरवून चाक खरवडायला घेतलं. तिचे ते उपकार मी विसरणार नाही.

दोन बैलजोड्या लावून मोटार गावात परत आणली. मी तसाच, गुडघ्यापर्यंत चिखलात, सखारामाच्या अंगणात गेलो.

"सखारामभाऊ, माझं चुकलं. आता काय करू ते सांगा."

त्यानं मला बसायला पोतं दिलं, गुळाचा चहा मागवला.

"भाऊ, तुमचा टायर वाईट नाई. पन तुमी म्हंता बारा महिने चालते. माती तर अठी दिवसातून तीन डाव बदलते." त्यानं अंगणातला चिखल हातात घेतला. "चिंब भिजली का पातळ होते. चाकाले लागते न् धुऊन जाते. पार वाळली का दगड. मधातल्या टायमाले, अर्धी ओली अर्धी सुकी, तवा धरते. तुमी नेमके तवाच निंगाले."

"आणि रुंद चाक?"

"रुंद चाक चिखलावर बसते, चिखल गुंडाळते. बारीक चाक चिखल कापते, खालच्या कडक जमिनीले लागते. अजून खालची जमीन कोरडीच हाये. ईतभर चिखलासाठी काऊन घाबरता?" मग आभाळाकडे पाहून म्हणाला, "उद्या पाऊस येईन. पावसातच निंगा."

आयुष्यभर मी पाऊस थांबायची वाट पाहून घराबाहेर पडत आलो. पावसात निघा असं सांगणारा हा पहिलाच माणूस. त्याच्या हातातल्या त्या मातीच्या गोळ्याकडे पाहताना मला माझा कॅलेंडरवरचा तक्ता आठवला आणि कानशिलं तापली.

अरुंद टायर म्हणजे माझे जुने टकले. नामदेव चपला करणाऱ्याकडे धावला. त्याच्या घरी त्या दिवशी वडिलांचं श्राद्ध होतं, म्हणून बाकीचे तीन कापायचे राहिले होते. तीन मिळाले, चौथा आत्याच्या पायांत. मी डोक्याला हात लावून बसलो. सुमती गाडीच्या मागं गेली आणि डिकीवर थाप मारून म्हणाली, "आणि ही स्टेपनी कोणाची? हिला कुठे नवा टायर बसवलात?"

खरंच की. महिनाभर चार चाकांचा विचार करून मी पाचवं विसरलो होतो. वरचे तीन आणि स्टेपनीचा एक, झाले चार.

दिवस मावळायच्या आत सखारामानं दोन लोखंडी पट्ट्यांची तरफ करून चारही टायर बदलले. टकल्या टायरला पकड कुठली? त्यानं विहिरीवरच्या मोटेचा जुना नाडा, म्हणजे जाड दोर, उकलला आणि मागच्या दोन्ही चाकांच्या चकत्यांना भोकं होती त्यांतून ओढून टायरभोवती हात-हात अंतरावर दोराचे वेढे दिले. मी फक्त पंपानं हवा भरली. तीही त्याच्या मते जास्त झाली, थोडी सोडून दिली.

लोणार

सकाळी पाऊस पडतच होता. "पितरायचे दिवस हायेत," आत्या गाडीत बसताना म्हणाली. "तुया बाबाबी पाहीन आपल्यासंग."

वेस ओलांडली. कालची चार शेतं आली. चाकांखाली चिखल पचपच कापला जाऊ लागला, टायरला लागला, आणि पुढच्या डबक्यात धुऊन गेला. दोराचे वेढे धपधप आपटत होते. गाडी डुलत होती, घसरत होती, पण थांबत नव्हती. नामदेव लुगडी वाळत घालायची काठी घेऊन पुढे चालत होता आणि जमीन टोचून मला वाट दाखवत होता. एका ओढ्यात पाणी नंबराच्या पाटीपर्यंत आलं. सुमतीनं डोळे मिटले. मी मिटू शकत नव्हतो. पलीकडच्या चढावर चाक एकदा गरगर फिरलं, मग दोर मातीत चावला आणि आम्ही वर आलो. मोठी सडक लागली तेव्हा मी गाडी थांबवली, खाली उतरलो आणि त्या चिखलानं माखलेल्या, दोरानं बांधलेल्या टकल्या टायरला हात लावून नमस्कार केला. नामदेवला वाटलं मी हवा बघतोय.

बीबी गावाच्या पुढे पाऊस कमी झाला, पण लोणारला पोचलो तेव्हा सगळीकडे ढग उतरले होते. कड्याच्या टोकाला गाडी लावली. समोर पांढरं. त्या पांढऱ्यात काठाशी एक बाभूळ आणि पुढे काहीच नाही. जमीन जिथं संपत होती तिथून थंड वारा वर येत होता आणि त्याला खारट, उग्र वास होता. आत्या गाडीतच बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. टायरांनी आपलं काम केलं होतं. आता आभाळापुढे माझं काय चालणार? आम्ही दशम्या खाल्ल्या. नामदेवनं लवणासुराची गोष्ट सांगितली. या खड्ड्यात तो राक्षस राहायचा, देवानं पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवून त्याला मारलं. कोणी म्हणतात हा ज्वालामुखी, कोणी म्हणतात आभाळातून दगड पडला. मी ऐकत होतो आणि दर दोन मिनिटांनी काच पुसत होतो.

बाराच्या सुमाराला वारा फिरला. ढग आधी तळातून हलला, मग फाटला, आणि झाकण उचलावं तसा सगळाच्या सगळा वर गेला.

पायांखालून जमीन खोल खोल उतरत गेली होती, गर्द झाडीनं भरलेली. तळाशी हिरवंगार, निश्चल पाणी. आणि भोवती कड्याचा तो गोल, कुणी दोरी धरून आखल्यासारखा बिनचूक, जिथून सुरू झाला तिथं परत येऊन मिळणारा. हे कोणी केलं असेल, दगडानं की देवानं, हा प्रश्नच तिथं उभं राहून पडत नाही.

नामदेवनं आत्याला काठाशी आणलं. मी घाईनं म्हणालो, "आत्या, ते बघ, मध्ये पाणी! सरळ समोर!"

"घाई नोको करू रे. मी कडंकडंनं येतो."

तिनं पायाजवळच्या बाभळीपासून सुरुवात केली. बाभळीवरून उतार, उतारावरून एक काळा दगड. "ह्याच्या बाजूले काय हाये?" असं स्वतःलाच विचारत ती मान तसूतसूनं वळवत होती. डावीकडचा कडा, त्यावरची झाडं, कड्यातून येणारी पाण्याची धार, खाली झाडीत लपलेलं देवीचं देऊळ, मग पाण्याची कड. पुन्हा वर, पुढचा कडा. माझं पाहून होऊन पाच मिनिटं झाली होती आणि मी खिशात सिगरेट शोधत होतो. आत्या अजून पाव गोलावरही पोचली नव्हती.

"मन्या, तठी काठावर पांढरे पक्षी हायेत. एका रांगीत. तुले दिसले काय?"

मला दिसले नव्हते. तिनं सांगितल्यावर दिसले.

तासाच्या वर वेळ गेला असेल. ती गोल फिरून पुन्हा बाभळीपाशी आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"लयच मोठं हाये रे. तुमी सगळं एका नजरेत पाह्यता, म्हून तुमाले ल्हान दिसते. मले जराजरा दिसते. मले तुमच्याहून मोठं दिसलं."

ती दगडावर बसली. मी थोडा बाजूला गेलो, हाताची मूठ नळीसारखी करून एका डोळ्याला लावली, दुसरा मिटला, आणि बाभळीपासून सुरुवात केली. उतार. काळा दगड. त्याच्या बाजूला काय आहे? अर्ध्या गोलापर्यंत गेलो आणि काठावरच खाली बसलो. एवढं मोठं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

निघताना ओल्या मातीत आत्याच्या पावलांचे ठसे उमटले होते. माझ्या टायरच्या झिजलेल्या रेघा त्यांत स्पष्ट दिसत होत्या.

पुन्हा पुणे

वाट पार वाळल्यावर साखरखेर्ड्याला परतलो आणि नवे टायर परत चढवून सोमवारी मी कचेरीत हजर होतो. पुण्यात ते उत्तम चालतात. जुने तीन साखरखेर्ड्याला ठेवून आलो, त्यांच्या एव्हाना चपला झाल्या असतील. कुठला टायर घ्यावा, असं मला कोणी विचारलं तर मी सांगतो की जिथं जायचंय तिथल्या लोहाराला विचारा. लोकांना ती थट्टा वाटते.

संक्रांतीनंतर नामदेवचं पत्र आलं. लिहिलं होतं, आईला आता काही दिसत नाही. उजेड तेवढा कळतो. पण दुपारी ती ओसरीवर बसते आणि आळीतल्या बायकांना, पोरांना लोणार दाखवते. एक बोट पुढं धरते आणि बाभळीपासून सुरू करून तसूतसूनं फिरवत नेते. पक्षी कुठे, धार कुठे, देऊळ कुठे, सगळं सांगते. मधे कोणी बोललं, की बोट तिथंच थांबवते आणि म्हणते, "घाई नोको करू, अजून अर्धं राह्यलं हाये."